९९वी घटनादुरुस्ती : सहा जणांचा आयोग, दोघांचा नकार आणि न्यायालयाचे स्वातंत्र्य

कलमदान

दुसऱ्या एका धाग्यावर राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा, म्हणजे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे न्यायाधीश निवडण्यासाठी ९९व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या आयोगाचा, विषय निघाला आणि "संसदेने एकमुखाने केलेली दुरुस्ती चार न्यायाधीशांनी उडवली" या वाक्यापाशीच अडकला. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतो आहे. विनंती एकच. ९९वी दुरुस्ती आणि तिच्या जोडीला आलेला २०१४ चा आयोग कायदा, दोन्ही समोर ठेवून बोलू या. गोम कायद्यात आहे.

घटनाक्रम थोडक्यात. लोकसभेत १३ ऑगस्ट २०१४ ला ३६७ विरुद्ध शून्य, राज्यसभेत दुसऱ्या दिवशी १७९ विरुद्ध शून्य. निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी मिळाल्यावर ३१ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. १३ एप्रिल २०१५ पासून दुरुस्ती अमलात आली आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला घटनापीठाने ४ विरुद्ध १ मतांनी ती रद्द केली. मधल्या सहा महिन्यांत आयोगाने एकाही न्यायाधीशाची शिफारस केली नाही, कारण आयोग पुरता उभाच राहिला नाही.

रचना अनुच्छेद १२४क मध्ये होती : सरन्यायाधीश, त्यांच्यानंतरचे दोन ज्येष्ठ न्यायाधीश, केंद्रीय कायदामंत्री आणि दोन 'मान्यवर व्यक्ती'. मान्यवरांची निवड पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता (तो नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता) यांची समिती करणार. मुदत ३ वर्षे, फेरनिवड नाही. दोघांपैकी एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांपैकी असावी, ही अट चांगली होती. पण मान्यवर म्हणजे कोण? कायद्याची जाण हवी का? न्यायालयीन कामाचा अनुभव हवा का? दुरुस्तीत काहीच नव्हते, कायद्यातही नव्हते.

खरी मेख आयोग कायद्याच्या कलम ५(२) च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) आणि कलम ६(६) मध्ये होती. कोणतेही दोन सदस्य सहमत नसतील तर आयोगाने ते नाव सुचवायचे नाही. म्हणजे तिन्ही न्यायाधीशांचे एकमत असले तरी कायदामंत्री आणि एक मान्यवर मिळून नाव थांबवणार. किंवा सरकार आणि न्यायालय दोघांनाही नाव मान्य असले तरी दोन मान्यवर ते थांबवणार. नकाराची कारणे लेखी द्यावीत अशी सक्ती नव्हती. कोंडी फोडायची कशी, याची तरतूद नव्हती.

समर्थक म्हणतात की दोन न्यायाधीशही सरकारच्या आवडीचे नाव थांबवू शकत होते, म्हणजे तराजू समतोल. कागदावर समतोल आहे. पण नाव अडले तर जागा रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेचा भार न्यायालयावर पडतो. देशातला सर्वांत मोठा पक्षकार सरकार आहे. खटले लांबल्याने त्याचे फारसे बिघडत नाही.

विदर्भकर

गणित बरोबर मांडलंय, निष्कर्ष मान्य नाही.

१९९३ च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाआधी घटनेत न्यायवृंद (कॉलेजियम, म्हणजे नेमणुकांची नावं ठरवणारा ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट) नावाची गोष्टच नव्हती. अनुच्छेद १२४(२) आणि २१७ मध्ये राष्ट्रपतींनी सल्लामसलत करून नेमणूक करावी एवढंच आहे. २४ मे १९४९ ला घटना समितीत बी. पोकर साहेबांची सूचना आली की सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करा. बाबासाहेबांनी ती फेटाळली. सरन्यायाधीशसुद्धा रागलोभ आणि पूर्वग्रह असलेला माणूसच असतो, त्याच्या हाती नकाराधिकार देणं म्हणजे जो अधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारला द्यायला तयार नाही तो त्याला देणं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९३ मध्ये न्यायालयाने नेमकं तेच केलं. फक्त एका माणसाऐवजी आधी तीन आणि १९९८ पासून पाच न्यायाधीश आले.

आणि त्या पाचांच्या खोलीत काय चालतं? न्या. चेलमेश्वर यांचा २०१५ चा अल्पमताचा निकाल वाचा. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये ते स्वतः न्यायवृंदात असताना, चर्चेची नोंदच ठेवली जात नाही म्हणून त्यांनी बैठकांना जाणं थांबवलं. बहुमतात असलेल्या न्या. कुरियन जोसेफ यांनीही पारदर्शकता नाही हे निकालातच कबूल केलं. ब्रिटनमध्ये २००६ पासून नियुक्ती आयोग आहे. १५ सदस्य आहेत आणि अध्यक्ष न्यायाधीश नसतो. तिथली न्यायव्यवस्था बुडाली का?

कलमदान

विदर्भकर, बाबासाहेबांचे तेच भाषण अर्धे सोडून चालणार नाही. त्यात त्यांनी हेही सांगितले की फक्त सरकारच्या सल्ल्यावर, कोणतीही मर्यादा न ठेवता नेमणुका सोडणे धोक्याचे आहे. आणि विधिमंडळाच्या संमतीची पद्धत आणली तर राजकीय दडपण येईल. ते मधला रस्ता शोधत होते.

ब्रिटनचे उदाहरण जरूर घ्या, पण पुरते घ्या. तिथे मंत्र्याला आयोगाचे नाव नाकारायचे किंवा फेरविचाराला पाठवायचे तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि कितीदा नाकारता येईल यालाही कायद्याने बांध आहे. आयोगात मंत्री स्वतः बसत नाही. आपल्याकडे मंत्री सदस्य, न्याय विभागाचे सचिव आयोगाचे निमंत्रक, आणि कारण सांगण्याची सक्ती कोणालाच नाही. नाव तेच, यंत्र वेगळे.

तळटीप

दोन-तीन गोष्टी चर्चेत कधीच येत नाहीत, म्हणून लिहिते.

पहिली : रचना घटनेत, पण मतदानाचा नियम साध्या कायद्यात. अनुच्छेद १२४ग ने कार्यपद्धती ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला होता. म्हणजे 'दोघांचा नकार' उद्या 'एकाचा नकार' करायचा असेल तर घटनादुरुस्ती नको, दोन तृतीयांश नकोत, राज्येही नकोत. साध्या बहुमतावर काम झालं असतं. २०१५ ची लोकसभा विसरून पुढची कोणतीही लोकसभा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे यातला धोका पक्षाशी बांधलेला नाही हे कळेल.

दुसरी : कलम ५(१), सरन्यायाधीशांची निवड. ज्येष्ठतम न्यायाधीशाची शिफारस करायची, पण तो त्या पदासाठी 'योग्य' वाटला तर. योग्य कशावरून? व्याख्या नाही. शिवाय ज्याच्या नावाचा विचार चालू आहे त्याने बैठकीत बसायचं नाही. आता मोजा. निवृत्त होणारे सरन्यायाधीश आणि एक ज्येष्ठ न्यायाधीश, असे दोनच न्यायाधीश उरतात. समोर मंत्री आणि दोन मान्यवर. पाचात दोन. २५ एप्रिल १९७३ ला शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तिघांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि जानेवारी १९७७ मध्ये एच. आर. खन्ना यांना डावलून एम. एच. बेग यांना. त्या दोन्ही वेळा सरकारला उघड टीका सोसावी लागली. इथे तीच गोष्ट 'योग्य वाटले नाहीत' एवढ्या तीन शब्दांत झाली असती.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर : बदल्या. कलम ९ म्हणतं की उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या बदल्यांची शिफारस आयोग करेल आणि कार्यपद्धती विनियमांनी (आयोगाने स्वतः केलेल्या नियमांनी) ठरवेल. संमती हवी का, कारण काय, किती वेळा, काहीच नाही. ते विनियम संसदेपुढे ठेवायचे आणि संसद ते बदलू किंवा रद्द करू शकणार. आणीबाणीत १९७६ मध्ये १६ न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या होत्या. न्यायाधीशाला काढायचं तर महाभियोगासारखी किचकट वाट आहे, बदलीला एक आदेश पुरतो. नेमणुकीवर रान उठतं. बदलीची बातमी दुसऱ्या दिवशी विसरली जाते.

खानदेशी

तळटीप ताई, धन्यवाद, कलम ९ कडे कधी लक्षच गेलं नव्हतं. एक विचारायचंय. ४२व्या दुरुस्तीलाही 'न्यायालयावर घाला' म्हणतात. पण त्यात नेमणुकांबद्दल काही नव्हतं ना? मग दोन्ही एका पंगतीत का बसवतात?

जुनेराजपत्र

खानदेशी, बरोबर. १९७६ ची ४२वी दुरुस्ती नेमणुकीच्या पद्धतीला हात लावत नाही, ती न्यायालयाच्या कामाला हात लावते. आणि तिथेही सगळा खेळ आकड्यांचाच होता.

अनुच्छेद १४४क घातला गेला : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याची घटनात्मक वैधता तपासायची तर सर्वोच्च न्यायालयात किमान ७ न्यायाधीश बसले पाहिजेत आणि कायदा रद्द करायला दोन तृतीयांश हवेत. सातात दोन तृतीयांश म्हणजे ५. चार विरुद्ध तीन असा निकाल लागला तर बहुमत 'कायदा घटनाबाह्य' म्हणत असूनही कायदा जिवंत राहणार. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाची मंजूर संख्या सरन्यायाधीशांसह १४ होती. एक पीठ बसले की निम्मे न्यायालय त्यात अडकणार. असे खटले मग वर्षात किती चालणार? अधिकार कागदावर शाबूत ठेवून तो वापरणे अशक्य करण्याची ही पद्धत आहे.

उच्च न्यायालयांसाठी २२८क : राज्याच्या कायद्यासाठी किमान ५ न्यायाधीश, तेच दोन तृतीयांश, म्हणजे पाचात ४. केंद्राच्या कायद्याची वैधता तर उच्च न्यायालयाने बघायचीच नाही (२२६क), तो अधिकार फक्त दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाला (१३१क). गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाचा हक्क एखाद्या केंद्रीय कायद्याने मारला गेला तर त्याच्यासाठी मुंबई आणि नागपूरची दारे बंद.

हे सगळे ४३व्या दुरुस्तीने काढले (१३ एप्रिल १९७८ ची सही), अनुच्छेद २२६ ची (उच्च न्यायालयांच्या रिट अधिकारांची) उरलीसुरली काटछाट ४४व्याने भरून काढली. राहिले काय, तर ३२३क आणि ३२३ख, म्हणजे न्यायाधिकरणे. तिथे उच्च न्यायालयांचा अधिकार परत यायला मार्च १९९७ उजाडला, एल. चंद्रकुमार निकाल.

एका पंगतीत बसवण्याचे कारण कायद्याचे आहे. घटनादुरुस्ती न्यायालय रद्द करू शकते ती मूलभूत चौकटीच्या तत्त्वावर, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनेही मोडता येत नाही या तत्त्वावर. ४२व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३६८ मध्ये (४) आणि (५) घालून ती तपासणीच बंद केली होती. ३१ जुलै १९८० च्या मिनर्वा मिल्स निकालाने ती पोटकलमे गेली. ती राहिली असती तर २०१५ मध्ये ९९वी दुरुस्ती कोणत्याही न्यायालयापुढे आलीच नसती.

विदर्भकर

४२व्या दुरुस्तीबद्दल वाद नाही, ती वाईटच होती. पण त्यामुळे ९९वी वाईट ठरत नाही. माझा मुद्दा परत : आयोग रद्द केल्यावर गेल्या दहा वर्षांत सरकारचा हात निघाला का?

पणजीकर

विदर्भकरांचा हा प्रश्न नेमका आहे. उत्तर : नाही निघाला. नकार दोन मतांचा नसून आता मुदतीचा आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचेच एक नाव घेऊ, सगळ्या तारखा जाहीर आहेत. सोमशेखर सुंदरेसन. उच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाची शिफारस ४ ऑक्टोबर २०२१. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाची मान्यता १६ फेब्रुवारी २०२२. सरकारने फेरविचारासाठी नाव परत पाठवले २५ नोव्हेंबर २०२२ ला, आक्षेप असा की न्यायालयापुढे असलेल्या विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मते मांडली. न्यायवृंदाने १८ जानेवारी २०२३ ला नाव पुन्हा पाठवले आणि कारणासकट ठराव जाहीर केला. नेमणूक नोव्हेंबर २०२३. दोन वर्षांहून जास्त. दिल्लीचे सौरभ कृपाल यांचे नावही त्याच दिवशी पुन्हा गेले होते, ते मात्र पुढे सरकले नाही.

नियम काय म्हणतो? नेमणुकीच्या कार्यपद्धतीनुसार (एमओपी) रिकामी होणारी जागा सहा महिने आधी हेरून उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी नाव पाठवायचे. राज्याचे मत ६ आठवड्यांत आले नाही तर हरकत नाही असे धरायचे. न्यायवृंदाने ४ आठवडे घ्यायचे. नंतर कायदामंत्र्यांनी फाईल साधारण ३ आठवड्यांत पंतप्रधानांकडे न्यायची. भोक इथेच आहे : आयबीचा (केंद्राच्या गुप्तचर विभागाचा) अहवाल आल्यावर फाईल केंद्राकडे किती दिवस राहू शकते याला एमओपीत मुदत नव्हती. २० एप्रिल २०२१ च्या पीएलआर प्रोजेक्ट्स आदेशात न्यायालयाने ती भरली : आयबीला ४ ते ६ आठवडे, केंद्राला ८ ते १२ आठवडे, नाव दुसऱ्यांदा आले तर ३ ते ४ आठवड्यांत नेमणूक. पण मुदत उलटली तर काय, हे त्यातही नाही. 'हरकत नाही असे धरावे' हे राज्याला लागू आहे, केंद्राला नाही.

आणखी एक हत्यार म्हणजे यादी फोडणे. २०१४ मध्ये चार नावांतून गोपाल सुब्रमण्यम यांचे नाव वेगळे काढले गेले, बाकी तीन पुढे गेली. सरन्यायाधीश लोढा यांनी त्यावर उघड नाराजी दाखवली. जानेवारी २०१८ मध्ये के. एम. जोसेफ आणि इंदू मल्होत्रा ही नावे एकत्र गेली. मल्होत्रा एप्रिलमध्ये नेमल्या गेल्या, जोसेफ यांचे नाव परत आले. ते ऑगस्टमध्ये नेमले गेले तेव्हा त्या दिवशी शपथ घेणाऱ्या तिघांत त्यांचा क्रम तिसरा. सेवाज्येष्ठता शपथेच्या क्रमाने ठरते, ज्येष्ठतेवरून न्यायवृंदात कोण बसणार हे ठरते, आणि सरन्यायाधीशही त्यावरूनच. म्हणून नाव नाकारायची गरजच पडत नाही, काही महिने मागे ठेवले तरी पुढच्या दहा वर्षांचा क्रम बदलतो.

वकिलीतून येणाऱ्यांवर याचा मार सर्वांत जास्त. संमती दिली की नवी मोठी प्रकरणे घेणे अवघड, आणि फाईल कधी हलेल ते माहीत नाही. कर्नाटकातल्या एका ज्येष्ठ वकिलांचे नाव फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले, सप्टेंबरमध्ये पुन्हा गेले, शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी संमती मागे घेतली. चांगले लोक हल्ली आधीच नकार देतात, आणि तो कुठल्या आकडेवारीत दिसत नाही.

विदर्भकर

म्हणजे मूळ मुद्द्यावर आपण जवळ आलो. सरकारला न विचारता चालणारी पद्धत नाहीच, फक्त आत्ताची दडलेली आहे. मग समोरासमोर बसलेलं काय वाईट? आयोगात मंत्र्याला निदान तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं.

तळटीप

समोरासमोर बसवायचं तर २००३ चं ९८व्या दुरुस्तीचं विधेयक बघा. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाच्या शिफारशीवर बेतलेलं. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि एकच मान्यवर. पाचात तीन न्यायाधीश. मंत्री खोलीत आहे, बोलतो, आक्षेप नोंदवतो, पण त्याला आणि एका मान्यवराला मिळून न्यायाधीशांवर मात करता येत नाही. ते लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळलं. २०१४ मध्ये सहावा सदस्य का आला आणि दोघांचा नकार का आला, याचं समाधानकारक उत्तर मला संसदेतल्या चर्चेत सापडत नाही. २०१५ च्या निकालावर माझी तक्रारही इथेच आहे. बहुमताने मंत्र्याच्या नुसत्या हजेरीलाच मूलभूत चौकटीचा भंग मानलं. नकाराचं परंतुक आणि मान्यवरांची मोकळी व्याख्या एवढंच छाटलं असतं तर सुधारणेला जागा उरली असती.

कलमदान

तळटीप, इथे मी वेगळा पडतो. परंतुक छाटले असते तर सहात तीन न्यायाधीश उरतात, आणि तीन-तीन झाले तर काय याचे उत्तर कायद्यात नव्हते. न्यायालयाने ते उत्तर स्वतः लिहिले असते तर तोच आरोप दुप्पट झाला असता. नव्याने दुरुस्ती आणायची तर संसदेने आणावी, आणि तीत तीन गोष्टी घटनेतच लिहाव्यात : न्यायाधीशांचे बहुमत, नकाराला लेखी कारण, आणि मुदत उलटल्यावर आपोआप होणारा परिणाम. शेवटची नसेल तर पहिल्या दोन असून नसल्यासारख्या.

खानदेशी

घटनेच्या सरकारी प्रतीत १२४क अजून छापलेला दिसतो. मग तो लागू आहे का?

जुनेराजपत्र

नाही. संसदेने तो मजकूर काढलेला नाही म्हणून छापतात, खाली टीप असते की सर्वोच्च न्यायालयाने ९९वी दुरुस्ती रद्द केली आहे. अनुच्छेद १२४, २१७, २२२, २२४ वगैरे २०१५ पूर्वीच्या रूपात चालतात, असे निकालातच सांगितले आहे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत टीप गाळून नुसता मजकूर देतात, तिथे सांभाळा.

खानदेशी

आणि एखादं नाव कुठे अडकलंय हे सामान्य माणसाला बघता येतं का?

पणजीकर

बऱ्यापैकी. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर न्यायवृंदाचे ठराव ऑक्टोबर २०१७ पासून टाकले जातात, तिथून नाव आणि तारीख घ्या. केंद्राच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावर नेमणुकीच्या अधिसूचना असतात आणि दर महिन्याच्या १ तारखेची मंजूर व प्रत्यक्ष संख्या असते. मुंबईची मंजूर संख्या ९४ आहे. त्यात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, असे सगळे धरलेले आहे, प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा आकडा शोधू नका. ठरावाची तारीख आणि अधिसूचनेची तारीख शेजारी मांडा. एकाच ठरावातली काही नावे आधी आणि काही मागून आलेली दिसली तर यादी फोडली आहे.

दिसत नाही ते एवढेच : उच्च न्यायालयाने नाव केव्हा पाठवले आणि राज्याने केव्हा उत्तर दिले. ते कधी कधी फेरशिफारशीच्या ठरावात येते, नाहीतर संसदेतल्या प्रश्नोत्तरांत. न्यायवृंदाच्या बैठकीतल्या चर्चेचा तपशील माहिती अधिकारात मिळत नाही, डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी मागणी फेटाळली. त्यामुळे आपल्या भागातल्या खासदाराला लेखी प्रश्न विचारायला लावणे हाच सध्या चालणारा मार्ग. प्रश्न 'किती जागा रिक्त' असा विचारला तर ठरलेले उत्तर येते. 'फेरशिफारस होऊन ४ आठवड्यांहून अधिक काळ झालेली नावे किती, कोणत्या उच्च न्यायालयातली' असा विचारायला सांगा.